जुना संगणक आणि नवे खेळ

घरातील एखादी वस्तू जुनी झाली असे केव्हा म्हणावे, हा प्रश्न वरवर पाहता सोपा वाटतो. शिवणयंत्र टाके सोडू लागले, घड्याळ रोज दहा मिनिटे मागे पडू लागले, पंखा खडखडू लागला, की ती वस्तू झिजली असे समजावयाचे. झीज डोळ्यांना दिसते, कानांना ऐकू येते. त्यामुळे दुरुस्ती करावी की नवी वस्तू आणावी, याचा निर्णयही फारसा अवघड जात नाही. संगणकाची गोष्ट मात्र निराळी आहे. आठ-नऊ वर्षांपूर्वी घेतलेल्या संगणकाचा प्रोसेसर पहिल्या दिवशी जेवढ्या वेगाने गणिते करीत होता, तेवढ्याच वेगाने तो आजही ती करू शकतो. त्याची शक्ती उणावलेली नसते. त्याच्याकडून होणारी अपेक्षा वाढलेली असते. म्हणूनच संगणकाचे वार्धक्य ठरविताना त्या यंत्राइतकेच त्याच्यावर पडणाऱ्या कामाकडेही पाहावे लागते.

हे वार्धक्य सर्वांत आधी जाणवते ते संगणकावरील खेळांत, ज्यांना आता सर्वत्र गेम म्हणतात. पत्रे लिहिणे, जमाखर्च मांडणे, चित्रपट पाहणे ही कामे तोच संगणक निमूटपणे करीत असतो. परंतु नवा खेळ सुरू केला की पडद्यावरील दृश्य अडखळते, किंवा खेळ मुळी सुरूच होत नाही. मग घरात वाद उभा राहतो. महाविद्यालयात जाणाऱ्या मुलाला वा मुलीला संगणक निकामी झाला असे वाटते. वडीलधाऱ्यांना, धडधडीत चालणारे यंत्र बाजूला सारून नवे मागणे हा निव्वळ हट्ट वाटतो. दोन्ही बाजू आपापल्या परीने खऱ्या असतात, आणि नेमके काय जुने झाले आहे हे दोघांपैकी कोणीच पाहिलेले नसते. प्रश्नात गुंतलेली रक्कम अनेक कुटुंबांच्या दृष्टीने लहान नसते, आणि चुकीच्या भागावर ती खर्च झाली तर खेळही मिळत नाही व पैसाही परत येत नाही. तेव्हा हा निर्णय कसा करावा, याचा थोडा शांतपणे विचार करणे अगत्याचे आहे.

सुटे भाग जोडून तयार केलेला, म्हणजे बाजाराच्या भाषेत असेंबल केलेला संगणक, हा पाच-सहा स्वतंत्र भागांचा समुच्चय असतो. हिशेब करणारा प्रोसेसर, चित्र रेखाटणारे ग्राफिक्स कार्ड, हाताशी लागणारी माहिती धरून ठेवणारी रॅम, सर्व साठा सांभाळणारी हार्ड डिस्क किंवा तिच्या जागी आलेली वेगवान एसएसडी, विद्युत्पुरवठा करणारा एसएमपीएस, आणि या सर्वांना एकत्र बांधणारा मदरबोर्ड. हे सारे एकाच दिवशी विकत घेतलेले असले तरी ते एकाच दिवशी म्हातारे होत नाहीत. काही भाग सहज बदलता येतात. काही बदलावयाचे म्हटले की त्यांच्याबरोबर आणखी दोन भाग बदलावे लागतात. सारा निर्णय या भेदावर अवलंबून आहे.

एक ठरावीक उदाहरण डोळ्यांपुढे ठेवले तर हे अधिक स्पष्ट होईल. २०१७ साली मध्यम खर्चात जे संगणक जोडले गेले, त्यांतील एक नमुना असा : इंटेलचा चार गाभ्यांचा कोअर आय-५ ७५०० हा प्रोसेसर, एनव्हिडिया कंपनीचे सहा जीबी स्मृतीचे जीटीएक्स १०६० हे ग्राफिक्स कार्ड, आठ जीबी रॅम आणि साधी फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क. असा संगणक त्या वेळी उत्तम समजला जाई, आणि पुढे पाच वर्षे तो समाधानकारक चालला. तो इतका का टिकला, आणि त्यानंतर एकाएकी अपुरा का पडू लागला, यामागे एक कारण आहे.

मोठे खेळ लिहिणाऱ्या कंपन्या ते केवळ संगणकासाठी लिहीत नाहीत; दूरचित्रवाणी संचाला जोडावयाच्या कन्सोलसाठीही लिहितात. २०१३ च्या नोव्हेंबरात प्लेस्टेशन ४ व एक्सबॉक्स वन हे कन्सोल बाजारात आले. त्यांचे प्रोसेसर आठ गाभ्यांचे खरे, परंतु मंद होते. स्मृती आठ जीबी आणि साठवण हार्ड डिस्कवर. खेळ या मर्यादेत बसवावे लागत, आणि ही मर्यादा २०१७ च्या संगणकाला सहज पेलत असे. २०२० च्या नोव्हेंबरात प्लेस्टेशन ५ आणि एक्सबॉक्स सिरीज एक्स आले. त्यांत आठ वेगवान गाभे, १६ जीबी स्मृती आणि अतिशय जलद एसएसडी होती. काही काळ खेळ जुन्या व नव्या अशा दोन्ही कन्सोलांसाठी निघत राहिले. पुढे अनेक मोठ्या खेळांनी जुन्यांना निरोप दिला. त्याबरोबर खेळांची किमान अपेक्षा एकदम एक पायरी वर गेली. घरातला संगणक होता तेथेच होता. उंबरठा उंच झाला.

याचे बोलके उदाहरण सायबरपंक २०७७ या एकाच खेळात सापडते. तो १० डिसेंबर २०२० रोजी प्रसिद्ध झाला, तेव्हा आठ जीबी रॅम आणि साधी हार्ड डिस्क किमान अटींत बसत होती. २०२३ साली त्याच खेळाच्या अटी नव्याने जाहीर झाल्या. आता किमान १२ जीबी रॅम हवी, एसएसडी अनिवार्य, प्रोसेसर कोअर आय-७ ६७०० च्या तोडीचा हवा. ग्राफिक्स कार्ड मात्र किमान जीटीएक्स १०६० चालेल. या अटींपुढे २०१७ चा तो संगणक उभा केला तर असे दिसते, की ज्या कार्डाला सर्वजण दोष देतात ते किमान कसोटीस उतरते. रॅम, साठवण आणि प्रोसेसर हे तीन भाग मागे पडतात. अशा वेळी नवे कार्ड आणून बसविणारा माणूस दुखऱ्या गुडघ्यावर डोळ्यांचे औषध घालीत असतो.

परंतु याच्या उलट प्रकारही आहेच. २०१८ पासून एनव्हिडियाच्या आरटीएक्स या नावाच्या कार्डांत प्रकाशकिरणांचा मार्ग गणिताने काढणारी खास यंत्रणा बसविण्यात आली. आरंभी ती एक चैन होती. हवी तर वापरावी, नको तर बंद करावी. डिसेंबर २०२४ मध्ये आलेला इंडियाना जोन्स अँड द ग्रेट सर्कल आणि मे २०२५ मध्ये आलेला डूम : द डार्क एजेस या खेळांनी मात्र ती यंत्रणा आवश्यक केली. ती नसलेले कार्ड कितीही स्वच्छ ठेवले, खेळाची चित्रे कितीही साधी केली, तरी येथे उपयोग नाही. याउलट ऑगस्ट २०२३ मध्ये आलेल्या बाल्डर्स गेट ३ या मोठ्या आणि नावाजलेल्या खेळाने २०१४ सालचे जीटीएक्स ९७० हे कार्डही किमान म्हणून मान्य केले. तात्पर्य, 'नवे खेळ' असा सरसकट शब्द वापरून काही ठरविता येत नाही. कोणते खेळ, हे आधी सांगावे लागते.

खेळ ठरले, आणि ते सुरू होतात परंतु अडखळतात असे दिसले, म्हणजे दोष कोणत्या भागात आहे हे शोधण्याची पाळी येते. पडद्यावरील हालचाल ही खरे पाहता एकामागून एक येणाऱ्या स्थिर चित्रांची मालिका असते. सेकंदाला साठ चित्रे आली तर हालचाल सफाईदार वाटते. म्हणजे प्रत्येक चित्रासाठी सुमारे १६.७ मिलिसेकंद एवढाच अवधी मिळतो. या अवधीत प्रोसेसर कोण कोठे आहे, कोण कोणावर आदळले याचा हिशेब करून कार्डाला सूचना देतो, आणि कार्ड चित्र रेखाटते. पंगतीच्या स्वयंपाकात एकीने पोळ्या लाटाव्या आणि दुसरीने त्या भाजाव्या, तसा हा प्रकार आहे. ताटात पोळ्या किती पडतील हे दोघींपैकी जिचा हात सावकाश चालतो तिच्यावर ठरते. प्रोसेसरला एका चित्राच्या तयारीस २५ मिलिसेकंद लागत असतील आणि कार्डाला रेखाटण्यास १५, तर सेकंदाला ४० चित्रेच निघणार. कार्ड बदलून त्याचा वेळ सातावर आणला तरी चित्रे ४० च राहतील. संगणकशास्त्रज्ञ जीन अॅमडाल यांनी १९६७ मध्ये मांडलेल्या विचाराचा इत्यर्थही याच जातीचा आहे : एका भागाचा वेग कितीही वाढविला, तरी एकंदर लाभाला उरलेल्या भागाची मर्यादा पडते.

सुदैवाने मंद भाग कोणता हे ओळखण्यास एक पैसाही खर्च करावा लागत नाही. खेळाच्या मांडणीत जाऊन चित्राचा आकार कमी करावा. १९२० गुणिले १०८० या नेहमीच्या आकारात २० लाख ७३ हजार ६०० बिंदू असतात. १२८० गुणिले ७२० केले की ते ९ लाख २१ हजार ६०० होतात. कार्डाचे काम त्यामुळे निम्म्याहून कमी होते. प्रोसेसरचे काम जवळजवळ होते तेवढेच राहते. आकार घटविल्यावर हालचाल झपाट्याने सुधारली, तर कार्ड मंद आहे. काहीच फरक पडला नाही, तर प्रोसेसर मंद आहे. आणि एरवी सारे ठीक चालते, परंतु नव्या प्रदेशात शिरताना वा झटकन वळताना दृश्य थबकते असे असेल, तर बहुधा रॅम अपुरी आहे किंवा हार्ड डिस्क माहिती वेळेवर पुरवू शकत नाही. ही चाचणी दहा मिनिटांची आहे. ती केल्याखेरीज दुकानाची पायरी चढू नये.

चाचणीपूर्वी आणखी एक काम करावयास हवे, आणि ते आपल्या देशात विशेष महत्त्वाचे आहे. प्रोसेसर व कार्ड ठरावीक मर्यादेपलीकडे तापले की स्वसंरक्षणासाठी आपला वेग आपणच कमी करतात. नागपूरचा वा दिल्लीचा उन्हाळा, रस्त्यावरची धूळ, आणि भिंतीला चिकटवून ठेवलेले कॅबिनेट यांचा मिलाफ झाला म्हणजे शक्ती असूनही यंत्र मंदावते. प्रोसेसर आणि त्याचा पंखा यांच्यामध्ये उष्णता वाहून नेणारा जो लेप असतो, तोही वर्षानुवर्षांनी वाळतो. पंखे झाडून, लेप नवा लावून, हवेला वाट करून देऊन कित्येक संगणक पुन्हा पूर्वीच्या वेगाने चालू लागतात. ज्याला वार्धक्य समजले गेले ती केवळ अस्वच्छता होती, असा अनुभव दुरुस्तीच्या दुकानांत नवा नाही.

यानंतरचा उपाय अल्प खर्चाचा. हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी बसविणे हा जुन्या संगणकावरील सर्वांत फलदायी खर्च होय, कारण त्याचा लाभ खेळापुरता मर्यादित राहत नाही. घरातील प्रत्येक माणसाचे प्रत्येक काम हलके होते. शिवाय पुढे नवा संगणक घेतला तरी ती एसएसडी त्यात नेता येते. आठ जीबी रॅम १६ करणे हेही असेच उपकारक. परंतु येथे बाजाराकडे पाहावे लागते. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रचंड केंद्रांकडून मागणी वाढल्याने २०२५ च्या उत्तरार्धात रॅमचे भाव जोराने चढले, आणि डिसेंबर २०२५ मध्ये मायक्रॉन या मोठ्या उत्पादकाने सामान्य ग्राहकांसाठी क्रुशल या नावाने होणारी विक्री बंद करण्याचे जाहीर केले. अशा काळात हाती असलेली जुनी रॅम ही टाकावू वस्तू राहत नाही. तिच्यासह पुढे जाता येईल असा मार्ग शोधणे शहाणपणाचे ठरते.

ग्राफिक्स कार्ड बदलावयाचे ठरले तर तीन गोष्टी आधी तपासाव्या. पहिली विद्युत्पुरवठ्याची. जीटीएक्स १०६० ला १२० वॅट पुरत. आरटीएक्स ३०६० ला १७० लागतात, आणि जानेवारी २०२५ मध्ये आलेले आरटीएक्स ५०९० तर ५७५ वॅट मागते. कॅबिनेटबरोबर आलेला हलक्या प्रतीचा एसएमपीएस हा भार सोसेलच असे नाही, आणि तो जळताना एकटा जळेल याचीही शाश्वती नसते. दुसरी गोष्ट कार्ड आणि मदरबोर्ड यांच्यातील दळणवळणाची. जानेवारी २०२२ मध्ये आलेल्या आरएक्स ६५०० एक्सटी या स्वस्त कार्डाला मदरबोर्डाशी बोलण्यासाठी चारच वाटा ठेवल्या होत्या, आणि स्मृतीही चारच जीबी. नव्या मदरबोर्डावर ते कसेबसे निभावून जाई. जुन्यावर त्या वाटांचा वेग निम्मा असल्याने ते फार मागे पडे. म्हणजे ज्याला स्वस्त कार्डाची खरी गरज, त्या जुन्या संगणकाच्या मालकालाच ते सर्वांत कमी उपयोगी पडे. तिसरी गोष्ट प्रोसेसरची. चार गाभ्यांच्या जुन्या प्रोसेसरपुढे फार शक्तिमान कार्ड बसविले तर ते बराच वेळ सूचनांची वाट पाहत स्वस्थ बसून राहील.

येथून प्रश्न मदरबोर्डावर येतो, आणि त्याच्या भवितव्याचा विचार सर्वांत निर्णायक ठरतो. २०१७ सालीच एकाच दुकानातून दोन ग्राहक दोन निरनिराळ्या कंपन्यांचे संगणक घेऊन गेले असतील, तर त्यांचे दैव पुढे अगदी भिन्न झाले. एएमडी कंपनीचा एएम४ बैठकीचा मदरबोर्ड ज्याने घेतला, त्याला बहुतेक ठिकाणी बायॉस अद्ययावत करून एप्रिल २०२२ मध्ये आलेला रायझेन ७ ५८००एक्स३डी हा प्रोसेसर त्याच बोर्डावर बसविता आला. पाच वर्षांची मजल एका भागाच्या खर्चात मारता आली. इंटेलचा सातव्या पिढीचा बोर्ड घेणाऱ्याची वाट मात्र तेथेच संपली. त्याच वर्षाच्या ऑक्टोबरात आलेल्या आठव्या पिढीच्या प्रोसेसरांना संपर्कबिंदू तेवढेच, १,१५१, होते. तरी ते जुन्या बोर्डावर चालत नसत. अशा मालकापुढे जुना आय-७ शोधून बसविणे, किंवा प्रोसेसर आणि बोर्ड दोन्ही बदलणे, एवढेच पर्याय उरतात. दुसरा पर्याय घेताना अगदी नव्या पद्धतीच्या बोर्डांना डीडीआर५ जातीची महाग रॅम लागते, हे ध्यानात ठेवावे. २०२२ सालचे रायझेन ५ ५६०० किंवा कोअर आय-५ १२४००एफ यांसारखे प्रोसेसर डीडीआर४ रॅम चालविणाऱ्या बोर्डांवर बसतात, आणि जुन्या पट्ट्या सार्थकी लागतात.

यंत्राचे भाग असे तपासून झाले, तरी एक मर्यादा बाहेरून येते, आणि तिच्यापुढे यंत्राची प्रकृती कितीही उत्तम असली तरी चालत नाही. मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा सर्वसाधारण आधार काढून घेतला. घरगुती ग्राहकांसाठी सुरक्षेपुरती वाढीव मुदत १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची जाहीर झाली. विंडोज ११ च्या मान्य यादीत इंटेलच्या आठव्या पिढीपासूनचे प्रोसेसर येतात. सातवी पिढी, एखादा अपवाद वगळता, बाहेर राहिली. एनव्हिडियानेही जीटीएक्स १०६० च्या घराण्यातील कार्डांसाठी नव्या खेळांना अनुसरून निघणारे ड्रायव्हर ऑक्टोबर २०२५ मध्ये थांबविले, आणि त्यापुढे सुरक्षेपुरत्या दुरुस्त्या ऑक्टोबर २०२८ पर्यंत देण्याचे ठरविले. ज्या संगणकावर घराचे बँकेचे व्यवहार चालतात, मुलांचा अभ्यास चालतो, तेथे ही गोष्ट खेळाहून मोठी आहे. सुरक्षेच्या कारणाने मदरबोर्ड बदलणे अटळच असेल, तर आज त्याच बोर्डासाठी जुना प्रोसेसर हुडकून पैसे घालणे व्यर्थ होय. लिनक्स ही मोफत प्रणाली घेऊन त्याच यंत्रावर दिवस काढता येतात, आणि २०१८ पासून प्रोटॉन या साधनामुळे विंडोजचे पुष्कळ खेळ तिच्यावर चालतातही. परंतु फसवणूक रोखण्यासाठी कडक पहारा ठेवणारे काही स्पर्धात्मक खेळ तेथे चालत नाहीत.

मुंबईचा लॅमिंग्टन रोड, दिल्लीचे नेहरू प्लेस, बंगळूरचा एस. पी. रोड, चेन्नईची रिची स्ट्रीट या बाजारांत जुने भागही मिळतात, आणि योग्य माणसाच्या हाती ते उत्तम सौदे ठरतात. एवढेच की, कार्ड दुकानातच पाच-दहा मिनिटे भाराखाली चालवून पाहावे, आणि ज्या एसएमपीएसचा इतिहास ठाऊक नाही तो जुना घेऊ नये. काढलेल्या भागांचाही विचार करावा. संयुक्त राष्ट्रांच्या २०२४ च्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात जगात ६ कोटी २० लाख टन इलेक्ट्रॉनिक कचरा निर्माण झाला, आणि त्यातील अवघा २२.३ टक्के रीतसर गोळा होऊन पुनर्वापरात गेल्याची नोंद आहे. जो संगणक नव्या खेळांना अपुरा पडतो, तो एसएसडी आणि चालू आधार असलेली प्रणाली यांच्या जोडीने धाकट्या भावंडाच्या अभ्यासाला पुष्कळ वर्षे पुरतो.

एकंदरीत हा निर्णय चार प्रश्नांच्या क्रमाने सोडवावा. येत्या दोन वर्षांत खरोखर कोणते खेळ खेळावयाचे आहेत? त्या खेळांच्या किमान अटींत कोणता भाग नापास होतो? तो एकटा भाग बदलता येतो, की त्याच्यामागून इतरांची रांग लागते? आणि ज्या मदरबोर्डावर तो बसवावयाचा, त्याला स्वतःला किती दिवस उरले आहेत? एखादाच सुटा भाग नापास होत असेल आणि बोर्डाला भविष्य असेल, तर तो भाग बिनदिक्कत बदलावा. प्रोसेसर, कार्ड, रॅम आणि प्रणाली या चारही ठिकाणी उत्तर प्रतिकूल येत असेल, तर तुकड्यातुकड्याने पैसे घालण्यापेक्षा ते साठवावे, आणि सवड होईल तेव्हा पुढे नेता येईल असा बोर्ड पाहून नवा संगणक जोडावा. मधल्या काळात वाईट वाटून घेण्याचे कारण नाही. २०१३ ते २०२२ या दशकातील बहुतेक उत्कृष्ट खेळ त्या जुन्या यंत्रावर आजही सुखाने चालतात, आणि त्यांतले सगळे खेळून संपविलेला खेळाडू सहसा सापडत नाही.

घरातील वादाचेही असेच आहे. 'संगणक जुना झाला' आणि 'संगणक अजून चांगला आहे' ही दोन्ही विधाने मोघम असल्यामुळे त्यांच्यातून भांडणच निघते. त्यांऐवजी मुलाने वा मुलीने दहा मिनिटांची चाचणी करून, कोणत्या खेळासाठी कोणता भाग कमी पडतो आणि तो बदलल्याने घरातील इतर कामांना काय लाभ होईल, हे कागदावर मांडून वडिलांपुढे ठेवावे. त्या कागदावर 'होय' किंवा 'थांब' हे उत्तर देणे कोणत्याही समंजस माणसाला अवघड जाणार नाही.